सतरा नंबरची पिशवी

औषध मिसळायच्या खोलीत जेमतेम दोन माणसांची जागा, आणि त्यातली एक यंत्रानेच बळकावलेली. खिडकी उघडायची नाही. टोपी, मास्क, हातमोजे चढवले की नाक खाजवायचीही चोरी. धाकटी तिथे सकाळभर लिव्हरच्या कॅन्सरवरच्या औषधाच्या पिशव्या भरायची.

चाचणी नव्या तऱ्हेच्या औषधाची होती. म्हणजे औषध जुनंच, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्याशा कणांत भरलेलं. हे कण अंगभर धुडगूस न घालता थेट गाठीपर्यंत पोहोचतील, अशी आशा. निम्म्या पेशंटना कणांचं, निम्म्यांना साधं. कुणाला काय, हे ना पेशंटला ठाऊक, ना डॉक्टरांना. भरणारीला मात्र दिसणारच. कणांचं औषध दुधाळ, साधं नितळ. म्हणून पिशवीवर आणि नळीवर काळं आवरण चढवूनच ती बाहेर द्यायची. तिच्याकडे नावं येत नसत, नुसते नंबर. म्हणून तर सख्खा भाऊ चाचणीत असूनही तिला कामावर राहू दिलं होतं.

आणि एकदा जेवताना सगळंच मुसळ केरात गेलं. "अगं, मी सतरा नंबर बरं का!" दादा लॉटरी लागल्यासारखा म्हणाला.

सतरा नंबरची पिशवी नितळ होती.

तेव्हापासून ती पुरती कोंडली गेली. वरिष्ठांना सांगावं तर दादाला काढणार, आणि का काढलं हे तो ओळखणार. दादाला सांगावं तर इतक्या लोकांनी अंगावर झेललेली चाचणी नासणार. शिवाय नवं औषध खरंच सरस आहे की नुसताच गाजावाजा, हे अजून कुणाला ठाऊक होतं? अशी ती रोज स्वतःची समजूत घालायची, आणि ती रोज पटायची नाही.

एके दिवशी सलाईन संपल्यावर दादाने तिला बाहेर बोलावलं. शेजारी वहिनी.

"दुसऱ्या हॉस्पिटलचा फोन होता. गाठीला रक्त पुरवणारी नस बंद करतात म्हणे. त्यांच्याकडे जागा झालीय. पण इथलं सोडावं लागेल."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमचं तुम्ही ठरवा. आत काय जातंय ते त्यांना कुठे माहितीये? तुला माहितीये."

"अहो, तिला कशाला पेचात टाकता?" वहिनी म्हणाली.

"दादा, मला नाही बोलता येत," धाकटी कशीबशी म्हणाली. जा, आजच जा, असं तिला ओरडायचं होतं.

"नको बोलूस." तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिने चेहरा घट्ट आवळून धरला. आणि तो एकदम खळखळून हसला.

"बघ!" तो बायकोला म्हणाला. "हिच्या तोंडात कधी तीळ भिजलाय का? मी नापास झालो ते बाबांना हिनेच सांगितलं, त्यांनी चपला काढायच्या आत! वाईट काही असतं तर एव्हाना रडून मोकळी झाली असती. आपल्याला नवंच मिळतंय."

त्याने फोन लावला.

"दादा, अरे..."

"कळलं गं, कळलं," तो तिच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, आणि मग फोनवर, "हॅलो, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. आमचं इथे झकास चाललंय."

वहिनीने धाकटीचे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळे मिटून आपल्या कपाळाला लावले.