ओदीलच्या वेलींची बढती

आन्सेल्म म्हाताऱ्याला सकाळपासून चैन नव्हतं. मोजे उलटे घातले, डॉक्टरने बंद केलेलं मीठ अंड्यावर भसाभसा शिंपडलं आणि कुत्र्याला उगाच दोन शिव्या हासडल्या.

आदल्या दिवशी जेवताना त्याची लेक मायलीस सहज बोलून गेली होती, "पपा, आईच्या वेली आता वयात आल्या. यंदा त्यांची वाईन पहिलीसाठी चाखून बघणार आहे."

खरं तर छाती फुगायला हवी होती. फ्रान्समधल्या मेदोकच्या त्यांच्या शातोत, म्हणजे द्राक्षमळ्यात, उत्तम माल पहिल्या वाईनमध्ये जायचा. कोवळ्या वेलींचा, मऊ स्वभावाचा, तो दुसरीत. त्याच्या बायकोने, ओदीलने, जाण्याआधी चर्चमागे लावलेल्या वेली आजवर दुसरीतच होत्या, आणि त्यातच तर म्हाताऱ्याची मजा होती! दुसरी कशी, चार-पाच वर्षांत मुरून आपणहून गप्पा मारायला लागते. पहिली मोठ्या घरची. वीस वर्षं तोंड उघडत नाही. तोवर आन्सेल्म चर्चच्या आवारात ओदीलशेजारी आडवा झालेला असणार. मग बायकोच्या वेलींची वाईन पिणार कोण? हाँगकाँगचा कुणी शेठ!

"गेला उडत तो," म्हणत म्हातारा वाईनघरात शिरला.

टेबलावर नमुन्यांच्या बाटल्या मांडलेल्या होत्या. नाव-गाव काही नाही, गळ्यात फक्त आकड्याचा कागद. पण नमुने भरताना हा मुद्दाम मध्ये लुडबुडला होता. सात नंबर ओदीलचा. नऊ नंबर रस्त्याकडच्या खडीतला, नुसती जीभ खरवडणारा, त्याला पहिलीत कोण घेणार! इकडेतिकडे बघत त्याने दोघांचे कागद बदलले आणि साळसूदपणे खुर्चीत बसला.

बोर्दोहून सल्लागार मस्यो द्युफो आले. मायलीस आली. चूळ भरायची, थुंकायचं, पुढची बाटली. म्हाताऱ्याचा पाय टेबलाखाली नुसता नाचत होता.

"सात," द्युफो म्हणाले. "बापरे! हाडं आहेत हिला. वीस वर्षं ताठ उभी राहील. पहिलीत घ्या."

आन्सेल्मला ठसका लागला.

"पपा, बरंय ना?"

"झकास."

"नऊ. अहाहा! गोड बाई आहे. लगेच गळ्यात पडते. पण पहिलीला कणा लागतो, तो हिच्यात नाही. ही दुसरीत."

म्हाताऱ्याच्या कपाळाला घाम फुटला. कागद बदलले नसते तर हवं तेच झालं असतं! आता कागदावरचा सात नंबर पहिलीत जाणार, म्हणजे ओदीलची अख्खी टाकी पहिलीत. स्वतःच्या हाताने बढती देऊन बसला होता.

मायलीस त्याच्याकडे रोखून बघत होती.

"पपा, सगळ्या थुंकलात. नऊ नंबर का गिळलीत?"

"घसा सुकला होता."

"तुमचा घसा आईच्याच वाईनला बरा सुकतो! आणि यादीत आईचा नंबर तर सात. कागद बदललेत ना?"

"मी? या वयात?"

"पपा!"

"बदलले, बाई, बदलले!" तो एकदम उखडला. "पहिलीत गेली की मला कधी मिळायची? थडग्यावर ओतणारेस का?"

द्युफोंनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मायलीस उठली. मग तिने दोन्ही कागद काढून जिथल्या तिथे अडकवले.

"आईची दुसरीत. पण यंदाची जरा भरदार आहे, मुरू दे. पाच वर्षं बाटलीला हात लावायचा नाही."

"पाच? अगं, चार म्हण ना!"

"पाच."

दुपारी सूप आलं. तळाशी थोडं उरल्यावर म्हाताऱ्याने नेहमीसारखी त्यात लाल वाईन ओतली, वाडगा तोंडाला लावला, मग खाली ठेवला. अळणी होतं. हात मिठाकडे गेला.

पाच वर्षं.

त्याने मीठदाणी लेकीकडे सरकवली. "हे आधी इथून उचल," तो गुरगुरला, "आणि डॉक्टरला फोन लाव."