एकशे तेरावी चिठ्ठी

मित्रांनो, माझ्या झाकणावर बिस्किटांचं चित्र आहे, पण तुम्ही फसू नका. मी बल्गेरियातल्या एका डोंगरी गावच्या वाचनालयातला जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या पोटात एकशे तेरा चिठ्ठ्या आहेत. शेवटची करायला फार उशीर झाला.

वाचनालय सांभाळणाऱ्या आणि तिथेच इंग्रजी शिकवणाऱ्या रुमियानाबाईंनी त्या जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या कागदांतून कापल्या. एकेकीवर घोळात टाकणारे दोन इंग्रजी शब्द. 'बोअर्ड' म्हणजे कंटाळलेला, 'बोअरिंग' म्हणजे कंटाळवाणा. 'सेन्सिबल' म्हणजे समजूतदार, 'सेन्सिटिव्ह' म्हणजे हळवा. वीस वर्षं लोक माझ्याभोवती बसून शिकले, माझं कौतुक करून परदेशी निघून गेले. गाव रिकामं होत गेलं.

शेवटी उरली ग्रोझदाना, तंबाखूची पानं ओवणारी विधवा. तिची एकुलती लेक इंग्लंडमध्ये होती. तिथल्या वृद्धाश्रमात काम मिळालं तरच हिला लेकीजवळ राहता येणार होतं. पानं ओवता ओवता ती चिठ्ठ्या घोकायची. एकदा 'मी कंटाळले' म्हणायच्या जागी 'मी कंटाळवाणी आहे' असं म्हणून बसली.

"ते आम्हाला ठाऊक आहे गं," बाई म्हणाल्या. "मुलाखतीत त्या इंग्लंडवाल्यांना कशाला सांगतेस?"

मुलाखत वाचनालयातच, कॉम्प्युटरच्या पडद्यावर झाली. मी टेबलावरच होतो. विचारलेल्या प्रश्नांना ग्रोझदानाने न अडखळता उत्तरं दिली. मग पडद्यावरची बाई कामं समजावू लागली. म्हाताऱ्यांना उचलायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं. ग्रोझदाना मन लावून ऐकत होती आणि आमच्या गावात होकार देतात तशी, प्रत्येक कामाला मान डावीउजवीकडे हलवत होती. शेजारी रुमियानाबाईही समाधानाने तशीच मान हलवत होत्या.

आठवड्याने पत्र आलं. बाईंनी ते वाचून दाखवलं. उमेदवाराला यातलं कुठलंच काम मान्य दिसलं नाही, असं त्यात होतं.

"कुठला शब्द चुकला, बाई?"

बाईंनी पत्राची घडी घातली. "शब्द नाही गं. मान."

बाईंनी खुलासा कळवला, पण तोवर जागा भरली होती. ग्रोझदाना त्यानंतर वाचनालयात आली नाही.

बाईंनी मग ती एकशे तेरावी चिठ्ठी केली. तिच्यावर शब्द नाहीत, नुसते दोन चेहरे आहेत. एक मान डावीउजवीकडे हलवणारा, एक वरखाली डोलावणारा. ती शिकायला आता गावात कुणी नाही. माझ्या कडा गंजल्या आहेत.

मित्रांनो, कुणाला परक्या मुलखात धाडण्याआधी शब्दांइतकीच त्याच्या मानेचीही काळजी घ्या. ती चिठ्ठी शोधावी लागणार नाही. सगळ्यात वरच आहे.