सीटखालचा स्विच

माझ्या दिराला, कारभारीला, मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला वाटायला नको की बाईमाणसाचं मन शेवटी विरघळलं असेल.

ट्रॅक्टर आमचा, आमच्या ह्यांच्या नावावर. ह्यांचा मणका सरकल्यापासून चार वर्षं तो मीच चालवते आणि आमच्या तीन एकर द्राक्षाला मागं फवारणीचा ब्लोअर लावून औषधही मीच मारते. कारभारीची पाच एकर बाग आमच्या बांधाला लागूनच. त्यानं ट्रॅक्टर कधी घेतला नाही. "घरचाच हाय की," म्हणायचा आणि न विचारता घेऊन जायचा. ट्रॅक्टरच्या चाव्यांचं काय, एकाची दुसऱ्याला लागते. त्याच्या खिशात कुणाची तरी असायचीच. आमच्या स्विचला तर चावीचीही गरज उरली नव्हती. उघड्या डॅशबोर्डवर बसवलेला तो, दर चार दिवसांनी त्याच्यावर फवारणीतलं मोरचूद-चुन्याचं पाणी उडणार. आतून सगळा हिरवा पडला होता. खिळा घातला तरी ट्रॅक्टर चालू व्हायचा.

मागच्या वर्षी छाटणीनंतर विसाव्या दिवशी पहाटे पाऊस झाला. घड नुकते बाहेर पडलेले. अशा वेळी पाऊस उघडल्यावर चार तासांत औषध गेलं नाही तर डावणी बसते. ही बुरशी घडावर एकदा बसली की घड हातात चुरगळतो आणि वर्षाची मेहनत मातीत जाते. मी औषध कालवून बाहेर आले, तर शेड रिकामी. कारभारीनं आपले पाच एकर निवांत उरकले आणि दुपारी दोनला ट्रॅक्टर आणून लावला. चार-पाच दिवसांत माझे घड तपकिरी पडले.

तेही एक वेळ गिळलं असतं. पण आठवड्यानं औषधाच्या दुकानात दहा जणांसमोर तो म्हणाला, "बाई ट्रॅक्टरवर बसल्यावर डावणी येणारच ना भाऊ!" सगळे हसले. आमचे हे तिथंच बाकावर बसले होते, तेही हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन मी ह्यांना चांगलं फैलावर घेतलं, तर म्हणतात, "भाऊ हाय माझा. त्याच्यापासून चावी लपवून ठेवती का आता?"

चावी कशाला लपवू? मी स्विचच लपवायचं ठरवलं.

यंदा छाटणीच्या आधी ट्रॅक्टर घेऊन विंचूरला जमीलभाईंकडे गेले. वायरिंगमध्ये त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांनी जुना स्विच पाहून कपाळाला हात लावला.

"भाभी, यात मोरचूद पिकवलंय का तुम्ही?"

"नवा बसवा. पण इथं नको. पाणी लागणार नाय आणि कुणाला दिसणार नाय अशा जागी."

त्यांनी ट्रॅक्टरभोवती दोन चकरा मारल्या आणि सीटखाली, उजव्या मडगार्डच्या आतल्या अंगाला बोट ठेवलं. प्लास्टिकचा जाड डबा आणला, झाकणाला रबर लावलं, स्विच आत असा बसवला की चावीचं भोक खाली जमिनीकडे राहिलं. त्यावर सायकलच्या ट्यूबची टोपी चढवली. मला वाटलं झालं. पण वायर डब्यात घालण्याआधी त्यांनी तिला खाली झोळीसारखं वळण दिलं.

"पाणी निस्तं वरून पडत नाय भाभी, वायरीवरून चालत येतं. या वळणात आलं की खाली गळून जातं. डब्यात नाय जाणार."

"आणि कुणी स्टार्टरला पाना लावून फिरवलं तर?"

जमीलभाईंनी मान वर केली. "फिरवू द्या. डिझेल सोडणारा सोलेनॉइड या स्विचवर घेतो. इथं चावी नाय तर इंजिनाला डिझेल नाय."

जुना स्विच ते काढायला गेले तेव्हा मी अडवलं. "त्याच्या वायरी तोडा. तो तिथंच राहू द्या."

"तो तर मेला."

"मेलेलाच पाहिजे मला."

जमीलभाई खाली मान घालून बराच वेळ हसत होते.

मग मी पावसाची वाट पाहिली. पोरीच्या लग्नाचीसुद्धा इतक्या आतुरतेनं पाहिली नव्हती. छाटणीनंतर बाविसाव्या दिवशी पहाटे तो आला, साडेपाचला उघडला. मी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसले. आता घाईत असणारा माणूस दुसरा होता.

कारभारी आला. मला पाहून जरा चपापला, मग दात काढून म्हणाला, "वहिनी, घेऊन जातो बरं का. माझी बाग खालच्या अंगाला, पाणी धरती."

"जा ना," मी म्हटलं.

त्यानं चावी घातली, फिरवली. काही नाही. काढली, फुंकली, शर्टाला पुसली, पुन्हा घातली. खिळा घातला. डॅशबोर्डवर दोन बुक्क्या हाणल्या. मग खाली उतरून स्टार्टरला पाना लावला. इंजिन घर्रघर्र फिरलं, पण पेटेना. त्याचा चेहरा घामानं निथळत होता आणि खरं सांगते, त्या सकाळइतका गोड चहा मी जन्मात प्यायले नव्हते.

बॅटरी उतरायला नको म्हणून मी उठले. ह्यांचा जुना शर्ट साडीवर चढवला, सीटवर बसले, शर्टाच्या आडून हात खाली घातला. एका फटक्यात ट्रॅक्टर चालू.

कारभारी डोळे फाडून बघत राहिला. "कुठनं केला?"

"बाई ट्रॅक्टरवर बसली की होतो," मी म्हटलं.

"वहिनी, आधी माझी मारू द्या. पाया पडतो. घड फुटलेत समदे."

"माझी झाली की आणून देते."

माझे तीन एकर साडेआठला उरकले. तेव्हाच ट्रॅक्टर देता आला असता, पण नाही दिला. ब्लोअर धुतला, मग पुन्हा धुतला. भाकरी खाल्ली. हे दारात येऊन म्हणाले, "जा ना आता, पोरासारखा हाय तो तुला." कोवळं ऊन पडलं होतं आणि घड्याळाचा काटा पुढं सरकताना पाहून मला बरं वाटत होतं. अकरा वाजता निघाले.

त्याच्या बागेच्या तोंडाशी कारभारी आंब्याखाली बसून मोबाईल बघत होता. आत अठराव्या ओळीत माझी जाऊ, आक्काबाई, पाठीवर सोळा लिटरचा पंप घेऊन औषध मारत होती. सहापासून मारत होती. पाच एकरांतल्या जेमतेम सतरा ओळी झाल्या होत्या. तोंडाला नुसता पदर बांधलेला, गळ्यापासून कोपरापर्यंत निळी झालेली. पंपाच्या पट्ट्यानं खांदा सोलून ब्लाऊजला रक्त लागलं होतं. मला बघून म्हणाली, "आल्या का ताई? बरं झालं," आणि पुन्हा दांडा हलवायला लागली. आवाजात राग नव्हता. माझ्या तासांचा हिशेब तिला माहीतच नव्हता.

वर्षभर मी जो सूड शिजवला होता तो सगळा हिच्या खांद्यावर पडला होता, आणि ज्याला जाळायचं तो सावलीत बसला होता. मला स्वतःची लाज वाटली. आणि त्याचा राग दुप्पट आला.

"पंप उतरव," मी म्हटलं. "वर चढ."

"मी? ताई, मला नाय येत."

"मलापण नव्हतं येत."

तिला सीटवर बसवलं, मी मडगार्डवर बसले. क्लच दाखवला, गिअर दाखवला. मग तिचं निळं बोट धरून सीटखाली नेलं, ट्यूबची टोपी बाजूला करायला लावली, चावी हातात दिली. इंजिन सुरू झाल्यावर ती दचकली आणि मग हसली. पहिल्या ओळीत तिनं ट्रॅक्टर खांबाला घासला, दुसरीत नाही.

ओळ संपवून आम्ही आंब्याशी वळलो तेव्हा कारभारी उठून समोर आला. "ए, उतर खाली. कुठं हाय स्विच ते सांग, मी मारतो."

आक्काबाईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तिनं त्याला कशाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"नाय सांगत," ती म्हणाली. "पंप तिथं पडलाय. मी वरून मारती, तुमी खालच्या ओळी धरा."

तो माझ्याकडे बघायला लागला. आक्काबाईनं गिअर टाकला, आणि त्याला बाजूला व्हावं लागलं.