दोघांना पेलेल अशी चीज

सनईची पत्ती अजून पुरती भिजली नव्हती. ताडाच्या पानाची ती एवढीशी दुहेरी कापटी बुडाशी मऊ झाली होती, पण टोकाला अजून ताठ, ओठाला टोचणारी… आणि सहदेवला घाई नव्हती. पत्ती तोंडात असली की कुणाशी बोलावं लागत नाही, हे सनईवाल्याचं एक बरं असतं. भगवंतरावांच्या अंगणात मांडवाच्या खांबाला टेकून तो बसला होता आणि समोर कापूस होता — अकोल्यात यंदा जिकडे बघावं तिकडे कापूसच, कोठीत मावेना म्हणून ओसरीवर, ओसरीवर मावेना म्हणून गोठ्यात, आणि वाऱ्यावर त्याचे तंतू उडून पागोट्यावर, वरणात, भिजत घातलेल्या पत्तीवर. याच कापसानं भगवंतरावांचे पांग फेडले होते. म्हणून तर मुलीच्या लग्नाला गावचे वाजंत्री सोडून त्यांनी अमरावतीहून सहदेव गुरवाची सनई मागवली होती.

उद्या गोरज मुहूर्त. अंतरपाट दूर होताना वाजवायची चीज आज ठरवायला हवी होती, आणि ती या खेपेला दोघांनी मिळून वाजवायची होती. तो एकदा मागे हळूच बघतो. चंद्रभान साथीच्या नत्थुजीच्या संबळाची दोरी आवळून देतोय. भातकुलीच्या माळ्याचा हा पोरगा — पोरगा कसला, मिशी फुटून किती वर्षं झाली — देवळात झेंडूची टोपली टाकायला यायचा आणि टोपली ठेवून तसाच उभा राहायचा. शिकवा म्हणाला तेव्हा सहदेवला हसूच आलं होतं. ओठाला वळण लागायचं वय कधीच निघून गेलेलं. तरी त्याच्या हातात दुसरी सनई दिली आणि सूर धरायला बसवलं: खालचा एकच स्वर, गाल फुगवून, नाकानं श्वास ओढत, मध्ये न तुटता. वरची सनई नाचते, बागडते, लोक माना डोलावतात ते तिला. सुराकडे कुणी बघत नाही.

मूर्तिजापूरच्या मुक्कामाला, बैल सोडल्यावर, चंद्रभान खाली बघतच बोलला होता. "घरचे म्हनून राह्यले, फुलं उपटून कापसाची पराटी लावू. मले सूर धराची लाज नाई, वस्ताद. पन जलमभर सूरच धराचा असन, तं मंग मी घरी जातो."

त्यात राग नव्हता, हेच सहदेवला लागलं होतं. हा गेला तर… दुसरा कोण? सुरावाचून सनई म्हणजे जमिनीवाचून चालणं. म्हणून गाडीत सगळ्या वाटेनं तो चिजा घोळवत आला होता. वरची दोघांनी आळीपाळीनं घ्यायची — मी एक ओळ, त्यानं तिचं उत्तर, आणि ज्याची पाळी नसेल त्यानं सूर. मग भूपच बरा. भूपातली ती छोटी चीज, जागोजागी थांबायला ओटे असल्यासारखी. श्वास चुकला तरी सावरता येतं. वडिलांची पूर्वी रागातली चीज खरी गोरजाची, पण तिच्यात वरच्या षड्जावर जाऊन उभं राहायचं आणि मग घाई न करता एकेक पायरी उतरायची. ती नको. ती त्याला पेलायची नाही. दम कच्चा आहे त्याचा.

वेशीवर हिवरखेडचं वऱ्हाड आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सीमांतपूजन झालं, नवरदेव घोड्यावर बसला, आणि सहदेवनं सारंग सुरू केला. मागून चंद्रभानचा सूर, रोजच्यासारखा, पायाखालच्या वाटेसारखा. बाजूनं कापसाच्या गाड्या चाललेल्या. आणि ओळीच्या ऐन चढावर त्याची सनई मुकी झाली. फुंक आत जाते, बाहेर काही येत नाही. तंतू! पत्तीच्या फटीत कापसाचा तंतू… तो सुई शोधतो, बोटं घामानं निसटतात, नत्थुजीचे हात संबळावर चाललेलेच, घोडा पुढे, माणसं पुढे —

आणि सारंग थांबला नव्हता.

मागच्या सनईनं चढ तिथूनच उचलला होता, जिथं तो पडला होता तिथूनच. सहदेवनं मान वळवली नाही. तो ऐकत राहिला. कुठून आणलं यानं हे? मी याला ही चीज कधी शिकवली नाही… वळण माझंच, पण निराळं, जरा खडबडीत, मातीचा हात लागलेलं, आणि काय सुंदर. किती सुंदर वाजवतो हा, देवा. नवी पत्ती बसवून होईतो त्याचे डोळे भरून आले होते. ओळ संपली तशी चंद्रभाननं जागा मोकळी सोडली. या, म्हणाल्यासारखी. पुढं जाऊन ती घ्यायची, एवढंच होतं. सहदेवनं सनई ओठाला लावली आणि खालचा सूर धरला.

कितीतरी वर्षांनी. वडिलांच्या मागे उभा असे तेव्हाचा तो गालांचा ताण… आणि या जागेवरून काय काय ऐकू येतं! वाजवणाऱ्याच्या फुंकरीतली भीती ऐकू येते, तो कुठं चाचरणार ते त्याच्या आधी कळतं. वरच्या षड्जाकडे जाताना चंद्रभान जरासा कचरला, आणि सहदेवनं, मनात काही यायच्या आत, सूर किंचित भरला, जाड केला. कचरणं आत झाकलं गेलं. कुणाला कळलं नाही.

मग सहदेवला स्वतःचं आठवलं. गेल्या उन्हाळ्यात पुढचा दात पडल्यापासून तो पत्ती ओठाच्या कोपऱ्यात धरत होता, आणि वर जाताना हवा गळते की काय या धास्तीनं पहिले काही दिवस झोपला नव्हता. पण गळलं नाही. सनई आधीसारखीच स्वच्छ वाजत राहिली, लोकही तेच म्हणाले, आणि तो निर्धास्त झाला. वर जाताना मागचा सूर भरून येतो, एवढं त्याला जाणवायचं. त्याला वाटायचं, पोराला मजा येतेय.

दिवेलागणीला जानवशातून परतल्यावर दोघं मांडवात बसले. चंद्रभान पत्त्या पुसून दोऱ्याला ओवत होता. पूर्वीतली चीज त्याला पेलायची नाही, असं वाटभर म्हणत आलो… ती शेवटची कधी वाजवली मी? दात होता तेव्हा.

"उद्या कोन्ती घ्याची, तू सांग," सहदेव म्हणाला.

चंद्रभान चमकला. आजवर हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं एक पत्ती उजेडात धरली, उलटी करून बघितली, बराच वेळ. दुपारी त्याच षड्जावर जाऊन उभा राहिलेला हा माणूस. पूर्वीच घेऊ म्हणेल, म्हणायलाच हवं, आणि म्हणाला की मी हो म्हणेन, सहदेवनं मनाशी ठरवून टाकलं.

"भूप घेऊ, वस्ताद," चंद्रभान हलकेच म्हणाला. "त्याच्यात थांबाले जागा हायेत."

सहदेवला राग यायला हवा होता. तो वाट बघत राहिला. राग आला नाही. आलं ते दुसरंच काही, थोडं लाजेसारखं आणि बरंचसं, ताप आल्यावर कपाळावर कुणी हात ठेवावा तसं. म्हणजे यानंही वाटभर चिजा घोळवल्या होत्या. माझ्यासाठी. माझं काय जमेल, काय नाही, कुठं मला थांबावं लागेल… आणि मला पेलेल अशी निवडली. त्याला हो म्हणायचं होतं, नाही म्हणायचं होतं, पूर्वी रागाचं नाव एकदा तरी घ्यायचं होतं. त्यानं फक्त हात पुढे केला, चंद्रभाननं त्यावर एक नवी पत्ती ठेवली, आणि ती जिभेवर धरून तो बसून राहिला, भिजायची वाट बघत.