मैनाबाईच्या कूलरचा कायदा

दोन उन्हाळ्यांमागे चंद्रभानला कूलरचा करंट लागला. तेव्हा त्याच्या बायकोने, मैनाबाईने, कायदा केला, "मी घरात असल्याबिगर कूलर लावाचा नाई."

पौषात मैनाबाई गेली. आता अकोल्यात मे महिना तापला होता आणि कूलर बंद होता. चंद्रभान घामाने निथळत होता, पण तिचा शब्द मोडायला त्याचा हात धजत नव्हता.

सून सीमा म्हणाली, "मामाजी, तो कायदा करंटपायी होता. वायर बदलली. झालं."

अमरावतीहून आलेली मेहुणी जयवंता उसळली. "शब्द म्हणजे शब्द! भाऊजी, टाकीत पाणीबी टाकू नका. पाणी टाकलं का बटन दाबाचा मोह होते."

"मावशी, उद्या म्हणसान कूलरकडे पाहूबी नका."

"पाहूच नका! चादर टाका त्याच्यावर!"

तेवढ्यात शेजारचे धर्मपाल मास्तर आले. निवृत्त झालेले मास्तर ज्येष्ठ नागरिक मंडळात जुन्या यहुदी शास्त्र्यांवर भाषण देणार होते आणि भेटेल त्याला ते ऐकवत होते. भांडण ऐकून त्यांचा चेहरा खुलला.

"त्यांचंबी असंच होतं! एक पोथी लिहिलेली, अन् एक कायदा तोंडी, गुरूनं चेल्याले सांगितलेला. मूळ नियम मोडू नये म्हणून भोवती कुंपण घालत. हे जयवंताबाईची चादर. दोन पंथ होते, एक कडक, एक सैल. पिढ्यान् पिढ्या भांडले."

"मंग लागला का त्यांचा कूलर?" चंद्रभानने विचारलं.

"ऐक तर. त्यांचं मंदिर पडलं. कितीतरी नियम मंदिरातच पाळायचे. आता काय? शास्त्री बसले, वाद घातला. म्हणाले, दोघं बसून देवाच्या शब्दावर बोलत असतील, तर देव त्यांच्यात हजर असतो."

चंद्रभानने दुपट्ट्याने तोंड पुसलं. घामच असावा.

"म्हणजे आमी तिच्या शब्दावर भांडून राहिलो, तवर मैना घरात हाय?"

"तसा अर्थ काढता येतो," मास्तर जपून म्हणाले.

"मंग सकाळपासून घरातच हाय," घामेजलेली जयवंता म्हणाली.

चंद्रभानने टाकी भरली, बटन दाबलं. गार वारा सुटला. सगळे सुखावून गप्प बसले. तसा तो उठला आणि त्याने कूलर बंद केला.

"काहून जी?" जयवंताने विचारलं.

"बोलणं थांबलं. मैना गेली."

खोली पुन्हा तापली. सीमा हळूच म्हणाली, "मावशी, सासूबाई 'घरात' म्हणाल्या. अंगणात असल्या तर?"

"अंगण घरातच धरतात!"

"अन् संडासात?"

"आतून कडी लावली का ते घर नाई!"

"कडी कुठून आली यात?" मास्तर भडकले.

चंद्रभानने बटन दाबलं, कूलरपुढे मांडी घातली आणि म्हणाला, "अन् गच्चीवर कुरड्या घालून राहिली असली तर?"

तिघंही एकदम त्याच्यावर तुटून पडले.