भागिरथाच्या आवाजाचं माप

अमरदीपनं केबल काढली, पिनेवर फुंकर मारली आणि पुन्हा लावली. काड्यापेटीएवढ्या डब्ब्यावर हिरवा दिवा लागला. लॅपटॉप टुंग वाजला. देवमनला ते ऐकू आलं नाही. त्याला दिव्यावरून कळलं.

त्याचं कानाचं मशीन दुरुस्तीहून आतलं माप पुसलं जाऊन कोरं परत आलं होतं. चार वर्षांपूर्वी मालेगावच्या याच दुकानात त्याचं माप लावलं, तेव्हा त्याची बायको भागिरथा समोर बसून बोलत होती. तिचा आवाज पातळ. तो नवऱ्याला नीट ऐकू येईपर्यंत अमरदीप आकडे हलवत राहिला होता. ते माप जुन्या कॉम्प्युटरात होतं. तो बिघडायच्या आधी अमरदीपनं तो सगळाच्या सगळा नव्या लॅपटॉपमध्ये एका चौकटीत, कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर असावा तसा, उतरवून ठेवला होता. चौकट उघडत होती, आत फाइलही दिसत होती. पण आतल्या कॉम्प्युटरला डब्बा सापडत नव्हता, आणि डब्ब्याशिवाय माप मशीनमध्ये जात नव्हतं.

भागिरथाला जाऊन अकरा महिने झाले होते.

अमरदीप देवमनच्या कानाशी मोठ्यानं बोलला, "काकाजी, नवीन माप घेऊ. लवकर होते."

"नवीन नाई पायजे."

"हट्टी हायेत," मागून देवमनची सून सपना म्हणाली. "दोन दिवस झाले, पाटीवर लिहून दाखवून राह्यलो आमी."

देवमननं तिचे ओठ हललेले पाहिले. "काय म्हणते?"

सपनानं हातानंच काही नाही म्हटलं.

यादीत डब्ब्याचं नाव होतं, पण फिकट. निवडता येत नव्हतं. अमरदीपनं जागा बदलून केबल लावली, आतला कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नाव फिकटच राहिलं. मग त्याची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली.

"यानंच धरून ठेवला."

"कोनं?" सपनानं विचारलं.

"बाहेरच्या नव्या प्रोग्रामनं. लॅपटॉप चालू झाला का हा आपोआप उठते अन् डब्बा आपल्यापाशी ठेवून घेते. आतल्याले कसा भेटन?"

"आमच्या घरच्या रिमोटसारखं," सपना म्हणाली.

त्यानं तो प्रोग्राम बंद केला. डब्बा लागला की सरळ आत जावा, अशी नोंद करून ठेवली. केबल पुन्हा लावली. फिकट नाव काळं झालं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरली. देवमननं खुर्चीचा दांडा धरला होता.

अमरदीपनं मशीन त्याच्या कानात बसवलं.

आधी पंखा आला. मग रस्त्यावरची मोटारसायकल. सपनानं चहाचा ग्लास काचेवर ठेवला, तो आवाज कानाला टोचला. देवमन डोळे मिटून बसून राहिला.

"हेच व्हय," शेवटी तो म्हणाला. त्यानं दांडा सोडला. "गेलं नाई."

"मामाजी, येते का आयकू?" सपनानं सासऱ्याला विचारलं.

आवाज आला, पण दबून. शब्द एकमेकांत मिसळले होते. मशीन चांगलं होतं तेव्हाही सपना बोलली की तो अंदाजानं मान हलवायचा. आताही मान हलली. मग थांबली.

"हिचा आवाज जाड हाय," तो अमरदीपला म्हणाला. "हिच्यावर लाव."

अमरदीपचा हात माउसवर थांबला. "जुनं बाजूले ठेवतो, काकाजी. पुसत नाई."

"ठेव."

देवमननं खुर्ची सपनाकडं वळवली. "बोल."

"काय बोलू?"

"कायबी."

सपनानं पदर सावरला. "मांगच्या महिन्यात एक दिस सकाळीच गॅस संपला. तुमाले तीन डाव सांगतलं. तुमी मान हलवली अन् वावरात निंघून गेले. मंग मीच गेली शेजारच्या बादलभाऊच्या घरी सिलेंडर मांगाले."

अमरदीप आकडे हलवत होता. देवमन थोडा पुढं सरकला.

"मंग?"