टाकीमागचं अंजीर

पाण्याच्या पत्र्याच्या टाकीमागे वाकून लायल हॅनाफोर्डने अंजिराचा हिरवा कोंब पाहिला आणि सगळ्यात आधी इकडेतिकडे नजर टाकली. सारा जन्म बागेत गेलेला माणूस. थंडीने जळालेलं झाड बुडातून फुटलेलं दिसलं की एरवी तो बायकोला, नोएलीनला, हाका मारमारून अंगणात बोलवायचा, हातातला चहा थंड झाला तरी बेहत्तर. आज मात्र त्याने मान उंचावून पाहिलं. कुंपणापलीकडे शेजारणीच्या, यागोदाच्या, अंगणात कोणी नव्हतं. त्याने कोंब अंगठ्याने मोडला आणि पायानेच पाचोळ्याखाली सारला.

कारण सरळ होतं. हे अंजीर जिवंत असेल, तर यागोदाचंही जिवंतच होतं. आणि यागोदाचं अंजीर लायलच्या शब्दावर मुळासकट काढलं गेलं होतं.

दक्षिण गोलार्धातल्या जून-ऑगस्टच्या त्या हिवाळ्याने कूमा गावाला रडवलं. नळ तडकले, कोंबड्यांच्या पाण्याचे दगड झाले. नोएलीनच्या व्हरांड्यातल्या कुंड्यांचा शिजवलेल्या पालकासारखा लगदा झाला आणि लिंबाची झाडं तर गावभर उभ्याउभ्या तपकिरी पडली. पण लोकांच्या बागा जळत होत्या तसतसा लायलचा भाव वाढत होता, हेही सांगितलं पाहिजे. दर शनिवारी सकाळी गावच्या रेडिओवर तो बागकामाचा सल्ला द्यायचा. इतर दिवशी बाजारात लोक त्याला वाळक्या डहाळ्या दाखवायचे. "घाई करू नका," तो सगळ्यांना बजवायचा. "करवत खाली ठेवा. ख्रिसमसपर्यंत थांबा, मग बोला."

सप्टेंबरात, थंडी सरल्यावर, यागोदाने त्याला कुंपणावरून हाक मारली. तिचं अंजीर घराच्या छपराला टेकलेलं होतं. तिचा नवरा स्टिपे तरुणपणी डोंगरातले बोगदे खणायला या देशात आला, तेव्हा त्याने आपल्या बेटावरच्या झाडाची एक काडी ओल्या मोज्यात गुंडाळून आणली होती, तिचं हे झाड. लायल शेजारी राहायला आला त्या वर्षी स्टिपेने त्याच झाडाची एक फांदी त्याला दिली. ती लायलच्या टाकीमागे रुजली.

लायलने यागोदाच्या झाडाची साल नखाने खरवडली. तपकिरी. वरची फांदी, खालची फांदी, सगळीकडे तपकिरी.

"गेलं का रे?" यागोदाने विचारलं.

'मला माहीत नाही' हे त्याचं खरं उत्तर होतं. पण ते वाक्य लायलच्या तोंडून कित्येक वर्षांत निघालं नव्हतं. लोक निघू देत नसत आणि त्यालाही ते बरंच वाटे. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती तो स्वतःच्या मनातही नीट उच्चारत नव्हता. दुपार कलली की त्या अंजिराची सावली थेट त्याच्या टोमॅटोच्या वाफ्यावर पडायची.

"गेलं," तो म्हणाला. "आणि बुंधासुद्धा ठेवू नकोस हं. वाळवी लागेल, मग ती घरात शिरेल."

"मग स्टिपेला काय सांगू मी?"

स्टिपे गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होता. मुलांची नावं विसरला होता, पण दर रविवारी बायको भेटायला गेली की अंजिराची चौकशी करायचा. नर्सने भरवलेलं थुंकून टाकणारा तो म्हातारा फळांच्या दिवसांत यागोदाने नेलेली अंजिरं मात्र बोटं चाटून खायचा.

लायलने तिच्या खांद्यावर थोपटलं. पुढच्या आठवड्यात यंत्र आलं आणि बुंध्याचा भुसा करून गेलं. मदतीबद्दल यागोदाने त्याला कपाटातली अंजिराच्या मुरंब्याची शेवटची बरणी आणून दिली. खोटं कशाला बोला, लायलने तो मुरंबा चवीने खाल्ला.

स्वतःचं झाड तो आज काढू, उद्या काढू म्हणत राहिला. कंबर धरली होती. ही झाली सबब. खरं म्हणजे कंटाळा. त्या कंटाळ्यामुळे त्याचं झाड वाचलं आणि आता तेच त्याच्या मानगुटीवर बसलं होतं.

अंजीर हे झाड लोचट. एक कोंब मोडला की शेजारी दोन येतात. लायल रोज पहाटे टाकीमागे जाऊ लागला. पाटलाच्या मळ्यात शिरलेल्या चोरासारखा तो स्वतःच्याच अंगणात वावरत होता. कोंब मोडताना बोटांवर चीक यायचा आणि मग उन्हात हाताची आग व्हायची. आठवड्याभरात तळहातावर लाल चट्टे उठले.

"हाताला काय झालंय तुझ्या?" नोएलीनने विचारलं.

"गवत उपटत होतो."

"तू? गवत? लग्न झाल्यापासून गवत मी उपटतेय."

पुढे तिने विचारणंच सोडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून टाकीचा कोपरा दिसतो, हे लायलला फार उशिरा आठवलं. तेव्हापासून न्याहारीच्या वेळी बायकोकडे बघायची त्याला चोरी झाली.

उपाय अगदी सोपा होता, तो त्याला दिवसातून दहादा सुचत होता. एक फुटवा मुळाच्या तुकड्यासकट काढायचा, कुंडीत लावायचा, यागोदाच्या दारात नेऊन ठेवायचा. पण कुंडी नेली की 'कुठून आणलंस' हे आलंच. रोपवाटिकेतून विकत आणलं असं सांगावं, असंही एकदा त्याच्या मनात आलं आणि त्या विचाराची त्याला स्वतःलाच किळस आली. किळस आली तरी दुसऱ्या दिवशी पहाटे तो टाकीमागे गेलाच.

"यंदा तुझे टोमॅटो काय माजलेत रे!" यागोदा कुंपणावरून कौतुकाने म्हणाली.

"ऊन मिळालं चांगलं," लायल बोलून गेला आणि मग त्याला खोकल्याची जी उबळ आली ती थांबेचना.

ख्रिसमसच्या आधीच्या शनिवारी रेडिओवर एका म्हाताऱ्याचा फोन आला. गावाबाहेरच्या शेतावरचा कोणीतरी होता, आवाजातून आनंद उतू जात होता.

"लायल, तुझं ऐकलं म्हणून वाचलं बघ! माझं अंजीर पार कोळसा झालं होतं. मेव्हणा म्हणतो, काप. मी म्हटलं, गप रे, लायल सांगतो ख्रिसमसपर्यंत थांबा. काल बघतो तर बुडातून हे एवढाले फुटवे! मेव्हण्याचं तोंड बघायला हवं होतंस तू."

लायलने मान खाली घालून समोरचे कागद जुळवायला घेतले. समोर बसलेली निवेदिका हसून म्हणाली, "अगं बाई, आमचे लायल चक्क लाजले!"

यागोदा त्याचा एकही कार्यक्रम चुकवत नसे. तो गाडी मुद्दाम हळू चालवत घरी पोचला, तेव्हा ती फाटकाशीच उभी होती.

"ऐकलं मी," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळलेला होता आणि तेच त्याला बघवेना. "माझं गेलं ते गेलं, त्याचं काय आता. पण तुझं बघितलंस का? टाकीमागचं? ते माझ्याच झाडाचं तर पोर आहे. फुटलं असेल तर मला एक काडी दे."

"ते... ते पण गेलं."

"बघू तर दे."

इथे तो बोलू शकला असता. फाटकापासून टाकीपर्यंत सगळी बाग ओलांडायची होती, तेवढ्यात कितीतरी बोलता आलं असतं. तो नुसता पुढे चालत राहिला.

टाकीला हात टेकवून यागोदा वाकली. सकाळी मोडलेल्या जागी पांढरे थेंब अजून चिकट होते. तिने एक थेंब बोटावर घेतला आणि अंगठ्याने चोळून पाहिला. मग चपलेने पाचोळा सारला. खाली काळे पडलेले कोंब होते, त्यांच्यावर सुकलेले आणि सगळ्यांत वर आजचे, हिरवेगार.

"मेलेल्या झाडाला चीक येत नाही, लायल."

"मीच मोडतो," तो म्हणाला. "रोज."

"का?"

"तुला कळू नये म्हणून. तुझंही फुटलं असतं, यागोदा. मला नक्की माहीत नव्हतं आणि माहीत नाही असं म्हणायला जीभ रेटली नाही. आणि... माझ्या वाफ्यावर सावली पडायची त्याची."

बोलल्यावर मोकळं वाटेल अशी त्याची समजूत होती. तसं काही झालं नाही. इतकी क्षुद्र गोष्ट आपल्याच आवाजात ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यागोदा ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर त्याने त्या खाली मान घालून घेतल्या असत्या. ती झाडाकडेच बघत होती.

"गेल्या रविवारी मी स्टिपेला सांगून टाकलं," ती हळू म्हणाली. "म्हटलं, आपलं झाड गेलं. पण त्याचं पोर लायलकडे आहे. रडला नाही तो. म्हणाला, लायलकडे आहे ना, मग काळजी नाही."

लायल एक पाऊल मागे सरकला. यागोदा गुडघ्यांवर बसली आणि बुंध्याभोवतीची माती बोटांनी चाचपू लागली. टाकीच्या दगडी पायाखाली, वाकूनही दिसणार नाही अशा फटीत, एक फुटवा होता. उन्हाविना फिकट पडलेला, वाकडा, बोटाएवढा. लायलच्या नजरेतून सुटला होता तो. तिने त्याच्याभोवती दोन्ही हातांची ओंजळ धरली.

"थांब, त्याला आधार लागेल," लायल घाईघाईने पुढे झाला. "दगड मी सरकवतो, काडी रोवून देतो, आणि थोडी माती—"

"तू हात लावू नकोस."

आवाज चढला नव्हता. लायल वाकलेला होता तसाच थबकला. मागून पावलं वाजली. नोएलीन पाण्याची बादली घेऊन आली होती, कोणी न सांगता. ती त्याच्याकडे न बघता त्याला वळसा घालून गेली आणि यागोदाशेजारी मातीत बसली.

"हा दगड तू धर," यागोदा तिला म्हणाली. "मी मुळाकडची माती मोकळी करते."

नोएलीनला रोपं काढण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तिने दगड धरला. लायलला सगळं कळत होतं. मूळ कुठे तोडायचं, किती तोडायचं, सगळं. दोघींपैकी कोणीच त्याला काही विचारलं नाही.